डासांची गोळी

गोळीचं नाव वाचून त्याला हसू आलं, आणि ते हसू तोंडावर असतानाच डॉक्टरीणबाई पुढचं वाक्य बोलल्या. सकाळी उठल्यावर बोटं ताठलेली असतात, वीस किलोचं वजन उचलताना मनगट दगा देतं, अशी तक्रार घेऊन तो दोन आठवड्यांपूर्वी आला होता. रक्त तपासून झालं, निदान झालं, आणि आता चिठ्ठीवर ते लांबलचक नाव होतं, जे त्याच्या घरात सात वर्षं रोज यायचं आणि कोणी पुरतं उच्चारायचं नाही. आई तिला डासांची गोळी म्हणायची. मूळची ही मलेरियावरची, सांध्यांना लागू पडते हे नंतर कळलं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून रोज सकाळी गोळी जिभेवर ठेवताना ती म्हणायची, ‘घ्या, डास चावला नाही तरी औषध.’ सात वर्षं तोच विनोद. म्हणून त्याला हसू आलं. ‘सांध्यांना चांगली आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘फक्त तुमची मधुमेहाची एक गोळी चालू आहे ना, तिच्यात ही भर घालते. साखर थोडी खाली आणते. गरगरलं, घाम सुटला, हात कापायला लागला तर आधी साखर मोजा. तीन महिन्यांनी आकडे बघून ती दुसरी कमी करता येते का ते ठरवू.’ तो चिठ्ठीची घडी घालत होता. घडी अर्धी राहिली. ‘आणि ही मध्येच बंद केली तर?’ त्याने विचारलं. ‘तर वर जाते. लगेच नाही हं. हे औषध अंगातून निघायला कित्येक आठवडे घेतं. हळूहळू चढते, म्हणून पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. का हो?’ ‘काही नाही,’ तो म्हणाला, ‘सहज विचारलं.’

बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. त्याला खरं तर ऑफिसात परत जायचं होतं. वजनमापं तपासायचं त्याचं खातं; पस्तीस वर्षं तो बाजारातले काटे तपासत आला होता, आणि पाठीमागे सगळे त्याला काटेसाहेब म्हणत हे त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांतून बसवलेली पितळी वजनं, हात न लावता चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात येतो. या कामात शिरला तेव्हा एक म्हातारा साहेब होता, पान चघळल्यासारखं सावकाश बोलायचा. तो सांगायचा, काटा चुकतोय असं दिसलं की आधी काट्याखालची फळी बघ, सपाट आहे का. मग पारडं बघ. मग वजन. माणसाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. हे त्याने पुढे पन्नास पोरांना शिकवलं असेल. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या बाबतीत, त्याने फळी पाहिलीच नाही. फळी कोणी काढून नेली हेही पाहिलं नाही. अरे, काढून नेताना तूच तर तिथे उभा होतास, तो स्वतःला म्हणाला, आणि हे वाक्य बहुधा मोठ्याने निघालं, कारण बसथांब्यावरची एक बाई पिशवी सावरून जरा बाजूला सरकली.

आठवायला फार खोल जावं लागत नव्हतं. आईला मधुमेह जुना, आणि गुडघे-बोटं सुजायला लागली तेव्हा ती गोळी सुरू झाली. त्याच सुमाराला त्याने आईचं पथ्य हातात घेतलं होतं. हातात घेतलं म्हणजे काय, ताब्यातच घेतलं. ताटातला भात वाटीने मोजायचा, फळाच्या फोडी मोजायच्या, चहात साखर नाही म्हणजे नाही, आणि रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून आकडा वहीत. वही त्याने पट्टी घेऊन आखली होती: तारीख, वेळ, आकडा, शेरा. दोन-तीन महिन्यांत आकडे असे उतरले की त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. आईची नव्हे, त्याची. आणि त्यानेही ती थोपटून घेतली. ऑफिसात चहाच्या वेळी तो सांगायचा, औषधं काय सगळेच देतात हो, शिस्त लागते. माझ्या आईची वही बघा. एकदा तर ती वही खरंच पेटीत घालून त्याने नेली होती आणि चारचौघांना दाखवली होती. आता चालता चालता त्याचे कान तापले. ज्याचं श्रेय डासांच्या गोळीचं, निदान अर्धं तरी, ते काटेसाहेब सात वर्षं छातीवर मिरवत होते.

मग डोळे. आईला अक्षरांच्या मधोमध धूसर दिसायला लागलं. कडा दिसायच्या, मधलं पुसलेलं. माणूस समोर आला की खांदे दिसायचे, केस दिसायचे, चेहरा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवे टाकून पाहिलं आणि म्हणाले, ही गोळी आजच्या आज बंद. फार वर्षं घेतली की कधीकधी डोळ्याच्या पडद्याला बाधते. त्याने ती बंद केली, त्याच दिवशी. आज्ञा पाळण्यात तो कधी कमी पडला नाही. पुढच्या महिन्यात साखरेच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा तिथला कागद भरायचा होता: चालू असलेली औषधं लिहा. त्याने चालू असलेली लिहिली, सुवाच्य अक्षरात, वेळांसकट. बंद झालेल्या गोळीला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि कागदावर जागा नसलेली गोष्ट तोंडाने सांगावी हे त्याच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं असतं. एखाद्या बडबड्या माणसाने सहज सांगून टाकलं असतं, डॉक्टर, ते डोळेवाले म्हणाले म्हणून ती मलेरियाची बंद केली बरं का. पण तो रकाने भरणारा माणूस.

आणि मग आकडे चढायला लागले. एकशे वीसचे एकशे चाळीस, एकशे साठ. त्याने काय केलं? जे इतकी वर्षं करत आला तेच. आधी यंत्र तपासलं. आईचं बोट एकाच सकाळी घरी टोचलं आणि तासाभरात प्रयोगशाळेतही रक्त काढलं. यंत्र खरं निघालं. पट्ट्यांची नवी डबी आणली, पट्ट्याही खऱ्या. म्हणजे काटा बरोबर. काटा बरोबर असेल तर माल खोटा, दुसरं काय? ‘आई, तू काही खातेस का?’ त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती हसली होती. ‘मला काय दिसतंय म्हणून मी चोरून खाऊ?’ पुढच्या आठवड्यात तो परत म्हणाला, ‘खरं सांग. कर नाही त्याला डर कशाला?’ हे वाक्य तो दुकानदारांना म्हणायचा. आईला म्हणताना आवाजही तोच निघाला, आणि तो आवाज घरात पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती त्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली होती, ‘अहो, त्या दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात. जरा सबुरीने घ्या.’ ‘तुला काय कळतं,’ तो तिला म्हणाला होता. बिचारीला सगळं कळत होतं.

मग त्याने साखरेचा डबा तोलला. हे आठवलं आणि रस्त्यातच त्याचा पाय अडला. ऑफिसातला छोटा काटा घरी आणून, सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी आल्यावर, तीन आठवडे त्याने घरातला साखरेचा डबा तोलला होता. बायकोला बजावलं होतं, चहाला किती चमचे काढलेस ते सांगत जा. डब्यातून एक ग्रॅमही इकडचा तिकडे झाला नाही. आता माणसाला यावर हायसं वाटावं की नाही? त्याला वाटलं, म्हातारी हुशार आहे, घरातलं नाही खात. सुतावरून स्वर्ग गाठायला त्याला वेळ लागला नाही. घरातलं नाही तर खालचं. तळमजल्यावर एका खोलीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची. ओठांत कायम टाचण्या, टाचण्यांआडूनच बोलायची, म्हणून आई तिला टाचणीबाई म्हणायची आणि ती आईला मावशी. दुपारी दोन ते चार आई तिच्याकडे जाऊन बसायची. डोळे गेले तरी आईची बोटं शाबूत होती. टाचणीबाई बटणांचा डबा तिच्या मांडीवर उपडा करायची आणि आई चाचपून चाचपून चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, कोटाची वेगळी करून द्यायची. वर यायची तेव्हा तिच्याकडे सांगायला गोष्टी असायच्या, कोणाचा घेर वाढला, कोणी मापं खोटी सांगून कपडा घट्ट करून घेतला. घरात त्या गोष्टींनी संध्याकाळी हशा व्हायचा. तोही हसायचा की.

ती सकाळ मात्र त्याला जशीच्या तशी दिसत होती. यंत्रावर दोनशे चौदा. त्याने वही मिटली, खुर्ची ओढून आईच्या समोर बसला. ‘आज मी कामावर जाणार नाही. तू सांगेपर्यंत इथून हलणार नाही. काय खाल्लंस?’ ‘काही नाही रे.’ ‘खाई त्याला खवखवे म्हणतात ना? मग गप्प का?’ घड्याळ चालू होतं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. आई पदराच्या टोकाला पीळ देत होती, देत होती, आणि मग म्हणाली, ‘खाल्लं. साखर खाल्ली. दोन चमचे.’ ‘कुठे?’ ती पदराचा पीळ सोडवायला लागली. ‘खाली? तिच्याकडे?’ आईने मान हलवली, इतकी थोडी की ती हो होती की नुसतीच हलली हे आज त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. त्या दिवशी त्याला खात्री होती. तो तसाच जिना उतरून खाली गेला. टाचणीबाईच्या समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, ‘आजारी माणसाला विष घालताय तुम्ही. यापुढे माझ्या आईला या खोलीत घ्यायचं नाही.’ तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या. ‘साहेब, पाण्याशिवाय मी मावशींना कधी काही दिलं नाही.’ ‘आईने स्वतः कबूल केलंय,’ तो म्हणाला. तिचं तोंड कसं झालं होतं ते त्याने पाहिलं होतं. चोरी पकडल्यावर माणसाचं होतं तसं, असं त्याला वाटलं होतं.

त्याच आठवड्यात साखरेच्या डॉक्टरांनी आकडे बघून औषध वाढवलं, आणि साखर खाली आली. त्याने वहीत शेरा मारला: पथ्य पाळल्याने सुधारणा. देवा रे.

तो ऑफिसात गेलाच नाही. घरी पोहोचला तेव्हा तीन वाजले होते. बायको म्हणाली, ‘आज लवकर? काय म्हणाली डॉक्टर?’ त्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी वही काढली आणि उभ्या उभ्या पानं उलटली. ते पान सापडायला वेळ लागला नाही. शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्याच अक्षरात, लाल शाईने: नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने सांध्यांची गोळी बंद. खाली रेघही मारलेली. आणि त्या ओळीच्या खाली आकडे, दोन-तीन आठवडे जागच्या जागी, मग पायरीपायरीने वर. एखाद्या शाळकरी मुलालाही बोट ठेवून दाखवता आलं असतं. त्याने चार वर्षांत हे पान कितीदा उघडलं असेल, आणि प्रत्येक वेळी फक्त आकड्यांचा रकाना वाचला होता. तो बायकोला सगळं सांगू लागला, लाल ओळीवर बोट ठेवून. ती त्याच्या हातातून वही घेऊन बघत राहिली. ‘आता त्यांना सांगून काय करणार?’ ती शेवटी म्हणाली. ‘त्या विसरल्याही असतील.’ ‘विसरलेली नाही ती,’ तो म्हणाला. ‘गेली चार वर्षं ताटात काही गोड दिसलं की ती आधी माझी चाहूल घेते. तू पाहिलंयस.’ बायकोने पाहिलं होतं. तिने वही मिटून त्याच्या हातात दिली.

आई तिच्या खोलीत खिडकीशी पलंगावर बसली होती. दुपारी ती तिथेच असायची, खिडकीच्या गजाला कान लावल्यासारखी. तिसऱ्या मजल्यावरून तिला अंगण दिसत नव्हतं, पण ऐकू यायचं. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि लक्षात आलं की हीच ती खुर्ची. उठून पलंगाच्या कडेला बसला. ‘आई, मला आज डासांची गोळी दिली.’ ‘तुला?’ ती हसली. ‘मग तुलाही चावला वाटतं.’ ‘आई, ऐक. त्या गोळीने साखर खाली यायची. तुझी बंद केली म्हणून वर गेली होती. तू काही खाल्लं नव्हतंस. माझी चूक झाली. मी…’ पुढचे शब्द त्याने वाटेत तीनदा जुळवले होते. तिने हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं, तो लहानपणी पडून आला की थोपटायची तसं. ‘नाही रे. खाल्लं होतं मी.’ ‘आई, खोटं बोलू नकोस.’ ‘खोटं कशाला? दोन चमचे खाल्ले होते. तू का जिवाला लावून घेतोस? झालं गेलं.’ त्याला वाटलं, हे तर अधिकच वाईट. तिच्यावर ठेवलेला आळ ती आता स्वतःच पांघरून बसली होती, त्याला थंडी वाजू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरंही वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. म्हणतेय ना ती, खाल्लं होतं. मग राहू दे. त्या बरं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून उभा राहिला.

‘तुझ्याजवळ एकच मागते,’ आई म्हणाली. ‘मला खाली घेऊन चल. टाचणीबाईकडे. तिच्यावर मी आळ येऊ दिला. ते तेवढं खोटं होतं, तिने मला काही दिलं नव्हतं. तू नको बोलूस काही, मीच सांगेन. चार वर्षं झाली, रागावलीच असेल. पण ऐकून घेईल.’ ती उठायला लागलीसुद्धा, पलंगाखाली पायाने चप्पल शोधत. त्याने बायकोकडे बघितलं. ती दारात होती आणि तिने मान खाली घातली. दोघांनी मिळून ठरवलं होतं ते. टाचणीबाई दोन वर्षांपूर्वीच खोली सोडून गेली. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांनी बोलायचं ते बोलून घेतलं होतं, काम कमी होत गेलं होतं, आणि एक दिवस टेम्पोत मशीन चढवून ती गेली. कुठे ते त्याने विचारलं नाही. आईला कशाला उगाच सांगायचं, तो बायकोला म्हणाला होता. घरात तिचं नावच काढायचं नाही असा त्याचाच दंडक होता, म्हणून आईनेही कधी विचारलं नव्हतं.

आता सांगू, आता सांगू, करता करता त्याने आईला चप्पल घातली, तिचा हात खांद्यावर घेतला आणि जिना सुरू झाला. आई पायरी मोजत उतरायची. दहा पायऱ्यांनंतर वळण. ती हलकी झाली होती; इतकी वर्षं वजनं उचललेल्या त्याच्या हाताला ते लगेच कळलं, आणि हेही कळलं की चार वर्षांत त्याने तिला असं धरलेलंच नाही. ‘ती टाचण्या काढेल बघ आधी तोंडातल्या,’ आई म्हणाली. ‘मग बोलेल.’ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम खायला थांबली. खालून आवाज येत होता, घर्र, टक, घर्र, टक. आईने मान कलती केली. ‘चालू आहे बघ काम. दिवसभर असतं. नवीन मशीन घेतलंय तिने, विजेवरचं. तुला ठाऊक नसेल. दोनेक वर्षं झाली. पायाने मारायचं होतं तेव्हा गुडघे फार दुखायचे तिचे. मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, सुटलीस.’

तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. ‘आई,’ तो म्हणाला, ‘ते झेरॉक्सचं मशीन आहे. ती खोली आता झेरॉक्सवाल्याकडे आहे. ती गेली. दोन वर्षं झाली.’

आई पायरीवर बसली. सावकाश, हाताने कठडा चाचपत. तोही तिच्या खालच्या पायरीवर बसला. खालचं मशीन चालूच होतं. ‘कुठे गेली?’ ‘माहीत नाही.’ ‘शोधशील?’ ‘शोधीन,’ तो म्हणाला, आणि कुठून सुरुवात करायची ते त्याला सुचेना. तिचं खरं नावदेखील त्याला येत नव्हतं. मग तिने चेहरा त्याच्याकडे वळवला, त्याच्या खांद्यांच्या बाजूला, जिथे तिला थोडंफार दिसायचं तिथे, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘मी काही खाल्लं नव्हतं.’

‘हो आई.’

‘एक कणसुद्धा नाही.’

‘हो.’

‘तेव्हा तीनदा सांगितलं होतं मी तुला,’ ती म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला. ‘चल, धर आता. वर चढायचंय.’